बार्शीची नोंदवही: कॅन्सर मोजायला गावात गेलेल्यांची गोष्ट

सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका संपतो, तिथे धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके सुरू होतात. ज्वारी, तूर, पाणी असेल तिथे ऊस. पाणी नसेल तिथून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणारे ट्रॅक्टर. या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत १९८७ साली एक काम सुरू झालं, ज्याचं नाव ऐकून कुणालाही ते कंटाळवाणं वाटावं: कॅन्सर नोंदणी. किती जणांना कॅन्सर होतो, कुठल्या अवयवाचा होतो, त्यातले किती जगतात, एवढंच लिहून ठेवायचं. मुंबई, बंगळूर, चेन्नई या शहरांत अशा नोंदण्या होत्या. खेड्यापाड्यांची अशी नोंदणी देशात ही पहिली. काम बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचं होतं, पाठबळ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मंडळींचं. रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने आणि रोगपरिस्थितीशास्त्राच्या, म्हणजे आजार कुणाला, कुठे, किती होतात हे मोजणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासक कस्तुरी जयंत ही या कामातली दोन ठळक नावं.

मोजायला गेलेल्या या माणसांमुळे आजार लवकर सापडू लागला. ते कसं झालं, आणि आज आपल्या तालुक्यांमध्ये आशाताईपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी माणसं नेमलेली असूनही ते तितकं का होत नाही, हे या एका प्रकरणाच्या आधाराने मांडते आहे. भर गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बायकांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर आहे. बार्शीच्या नोंदवहीत बायकांमध्ये सर्वांत जास्त सापडत होता तो हाच.

दहा महिने

आधी उशीर म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण कागदावर तो 'रुग्ण उशिरा आला' या तीन शब्दांत आटोपतो.

माझ्या आजोळी शेजारी एक काकू होत्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. तीन महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग सुनेला सांगितलं. सुनेने नवऱ्याच्या कानावर घालायला आणखी महिना घेतला, कारण ज्वारीची काढणी तोंडावर होती आणि असलं बोलायचं कसं, हाही प्रश्न होताच. बाजारगावच्या एका डॉक्टरांनी हकीकत ऐकून गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं. टेबलावर घेऊन आतून कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. तिसऱ्या ठिकाणी एका बाई डॉक्टरांनी आतून तपासलं आणि लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी देव्हाऱ्यातल्या डब्यात दीड महिना पडून राहिली. तिथे जायचं म्हणजे कुठे जायचं, कुणाला भेटायचं, किती पैसे लागतील, कुणालाच ठाऊक नव्हतं. अखेर तुकडा काढून तपासला तेव्हा दहा महिने उलटले होते. गाठीने मूत्रवाहिन्या दाबल्या जाऊ लागल्या होत्या. म्हणजे तिसरी पायरी.

पहिल्या पायरीवर हा कॅन्सर पिशवीच्या तोंडापुरताच असतो आणि शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बहुतेक बायका बऱ्या होतात. दुसऱ्या पायरीवर तो आजूबाजूला सरकतो. तिसऱ्यावर कंबरेच्या हाडाच्या भिंतीला भिडतो किंवा मूत्रपिंडांची वाट अडवतो. त्याच्याही आधीची एक अवस्था आहे, आणि या आजारात सगळ्यांत मोठी संधी तीच देते. मानवी पॅपिलोमा विषाणूचा म्हणजे एचपीव्हीचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला, तर तोंडाशी असलेल्या पेशी हळूहळू बदलतात. त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. इतकी वर्षं तो डोळ्यांना दिसू शकतो, थंड वायूने गोठवून काढून टाकता येतो, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. काकूंचे ते दहा महिने मोजताना मला नेहमी त्यामागची पंधरा वर्षं आठवतात. त्या काळात त्या दवाखान्याच्या पायऱ्या कितीदा तरी चढल्या असतील, लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या डोसाला. एकदाही कुणी त्यांना विचारलं नाही.

या सगळ्यात वाईट माणूस कुणी सापडत नाही. सून, मुलगा, डॉक्टर, चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई, प्रत्येकाने आपापल्या परीने काहीतरी केलं. पण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना दर वेळी ती बाई मध्येच सांडत गेली. बार्शीच्या कामाकडे मी याच जागेवरून बघते.

न आलेले रुग्ण कसे मोजायचे

शहरात कॅन्सर नोंदणीची माणसं रुग्णालयं आणि पॅथॉलॉजी लॅब फिरतात. तिथले कागद उतरवून घेतले की बहुतेक रुग्ण हाती लागतात. बार्शीच्या आसपास ही पद्धत चालणारच नव्हती. ज्या माणसाचं निदानच झालं नाही, तो कुठल्या कागदावर असणार? घरातच झिजून गेलेल्या बाईच्या मृत्यूच्या नोंदीत कॅन्सर हा शब्द येण्याची शक्यता फार थोडी. रुग्णालयात बसून मोजलं असतं तर या भागात कॅन्सर जवळपास नाहीच, असा निष्कर्ष निघाला असता.

म्हणून नोंदणीची माणसं गावात गेली. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा त्याच गावात गेली. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, उपकेंद्राच्या नर्सबाई, गावची सुईण, अशा ज्यांना घराघरातलं माहीत असतं त्यांच्याशी ओळख केली. कुणाला न भरणारी जखम आहे का, छातीत गाठ आहे का, अंगावरून विनाकारण जातंय का, गिळताना अडकतंय का, हे विचारायचं. विचारायचं म्हणजे आधी सांगणं आलंच. काय विचारतोय आणि कशासाठी, हे समजावल्याशिवाय उत्तर मिळत नाही. नोंदणीतच जागृतीचं काम अशा रीतीने शिरलं. लोक जमवून, घोळक्यात बसून, एकेकट्या माणसाशी बोलून ही लक्षणं सांगितली गेली. गावात तपासणीची शिबिरं झाली. संशय आला त्या माणसाला बार्शीच्या रुग्णालयात आणून निदान केलं गेलं, कारण निदान झाल्याखेरीज नोंदवहीतली ओळच पूर्ण होत नव्हती.

या शेवटच्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे. साधारण जागृतीच्या कार्यक्रमात भाषण झालं, पत्रकं वाटली, फोटो काढले की काम झालं म्हणून टिकमार्क होतो. ऐकणाऱ्या बाईचं पुढे काय झालं, हे त्या कार्यक्रमाला कळायचं कारणच नसतं. नोंदणीचं तसं नव्हतं. ज्याच्या वहीत संशयित म्हणून नाव लिहिलंय त्याला पुढच्या फेरीत उत्तर द्यावं लागायचं: तपासलं का? निकाल काय? उपचार सुरू झाले का? जिवंत आहे का? कॅन्सरच्या अभ्यासासाठी जे प्रश्न लागतात तेच प्रश्न त्या बाईला सांडू न देण्यासाठीही लागतात. वही अर्धवट राहू नये म्हणून घेतलेले श्रम माणूस अर्धवट सुटू नये म्हणून कामी आले.

१९९५ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये या मंडळींनी निबंध प्रसिद्ध केला. नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या पायरीवर येऊ लागल्या होत्या. त्या वेळी गावोगाव कुठलीही यंत्राची तपासणी चालू नव्हती. फक्त लक्षणं माहीत असलेली माणसं, पुन्हा येणारा ओळखीचा कार्यकर्ता आणि एसटीने जाऊन परत येता येईल असं एक रुग्णालय होतं. नुसत्या बोलण्यानेसुद्धा पायरी खाली येऊ शकते. अट एवढीच की बोलणाऱ्याच्या मागे उघडं दार असावं.

लक्षणाच्या आधी पोहोचायचं तर

पण लक्षण दिसलं याचा अर्थ बहुतेक वेळा कॅन्सर झालेलाच असतो. त्या पंधरा वर्षांत शिरायचं तर धडधाकट बाईला तपासावं लागतं. रोज खुरपायला जाणाऱ्या, काही दुखतखुपत नसलेल्या बाईला सांगायचं की ये, आतून तपासून घे. हे काम किती अवघड आहे ते आपल्याकडच्या कुठल्याही नर्सबाईला विचारा.

१९९९ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात हे काम एका मोठ्या चाचणीच्या रूपाने सुरू झालं. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं. लिऑनच्या बाजूने डॉ. आर. शंकरनारायणन प्रमुख होते. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार गटांत वाटणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका यात होत्या. एका गटात एचपीव्हीची चाचणी एकदाच, दुसऱ्यात पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, एकदाच, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी एकदाच. चौथ्या गटात नेहमी मिळते तीच आरोग्यसेवा.

डोळ्यांनी पाहणीची पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं तेच सौम्य करून पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. प्रशिक्षित नर्सबाईला तो दिसतो, निकाल तिथल्या तिथे सांगता येतो. एचपीव्हीच्या चाचणीत मात्र नमुना प्रयोगशाळेत जातो आणि निकाल नंतर येतो, म्हणजे त्या बाईला पुन्हा शोधावं लागतं, पुन्हा बोलवावं लागतं.

या चाचणीतल्या आकड्यांआधी तिची व्यवस्था बघायला हवी. घरोघर जाऊन पात्र बायकांची यादी केली गेली. यादी म्हणजे नावानिशी यादी. 'गावात अंदाजे इतक्या बायका' असा हिशेब नाही. घरी जाऊन, नीट समजावून, संमती घेऊन तपासणीला बोलावणं झालं. तपासणी गावात किंवा गावाजवळच, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मिळेल त्या सार्वजनिक जागेत. तपासणाऱ्या बायकाच. ज्यांच्या चाचणीत काही आढळलं त्यांची दुर्बिणीतून तपासणी म्हणजे कोल्पोस्कोपी, गरज असेल तर तुकडा, आणि मग गोठवण्याचा उपचार किंवा शस्त्रक्रिया. बाईच्या खिशाला त्यात हात लावावा लागला नाही.

तपासणीच्या तिन्ही गटांत मिळून पाचातल्या जवळपास चार बायका आल्या. दुष्काळी भाग, रोजंदारी, लाज, आणि आतून तपासणी. तरी पाचातल्या चार. 'आमच्याकडच्या बायका येतच नाहीत' असं मी बैठकांतून अनेकदा ऐकलं आहे. ते ऐकताना हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर असतो. घरी जाऊन, नावाने, ओळखीच्या बाईने बोलावलं आणि येण्याचा दिवस मजुरीच्या आड आला नाही, तर बायका येतात.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. एचपीव्हीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, नेहमीच्या सेवेच्या गटात ३१,४८८. आठ वर्षांच्या काळात पहिल्या गटात १२७ जणींना कॅन्सर सापडला, दुसऱ्यात ११८ जणींना. वरवर पाहिलं तर तपासणी केलेल्या गटातच जास्त. पण पायरी बघा. एचपीव्हीच्या गटातल्या १२७ पैकी दुसऱ्या किंवा पुढच्या पायरीवरच्या ३९ होत्या. तपासणी नसलेल्या गटात ११८ पैकी ८२. मृत्यू पहिल्या गटात ३४, दुसऱ्यात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेने मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. ज्यांचा एचपीव्हीचा निकाल 'नाही' आला होता, त्यांच्यात नंतर कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होतं, पॅप आणि डोळ्यांच्या पाहणीत 'नाही' आलेल्यांमध्ये ते अनुक्रमे १५.५ आणि १६. म्हणजे एचपीव्हीची चाचणी 'काही नाही' म्हणते तेव्हा त्या शब्दावर बरीच वर्षं विसंबता येतं. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते. त्या शिफारशीमागे जे पुरावे आहेत, त्यांत धाराशिवच्या बायकांचा मोठा वाटा आहे.

पॅप आणि डोळ्यांची पाहणी या गटांत मृत्यू स्पष्टपणे कमी झाले नाहीत. यावरून ॲसिटिक ॲसिडची पद्धत निकामी, असं म्हणणारे भेटतात. मला ते घाईचं वाटतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून याच पद्धतीची चाचणी केली. तिथे तपासणाऱ्या बायका डॉक्टरही नव्हत्या आणि नर्सही नव्हत्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. २०१४ साली आलेल्या निकालात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी दिसले. फरक कुठे होता? धाराशिवात पाहणी एकदाच झाली, मुंबईत दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. डोळ्यांनी एकदा पाहताना काही सुटतं. पुन्हा पुन्हा पाहिलं तर पुढच्या खेपेला सापडतं. साधी पद्धत वापरायची असेल तर परत येण्याची तयारी हवी. परत येणं शक्य नसेल तर महागडी पण खात्रीची चाचणी परवडते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साधी पद्धत आणि एकच फेरी, अशी जोडी पडली आहे. दोन्हीकडून नुकसान.

चौथ्या गटातल्या बायका

या चाचण्यांबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला जमत नाही. तपासणी नसलेल्या गटातल्या, या कॅन्सरने गेलेल्या त्या ६४ बायका. त्यांना आजाराची माहिती दिली गेली, आजारी पडल्यावर नेहमीची सेवा मिळाली. पण पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला आधीच माहीत असताना काही गावांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न पुढे परदेशी डॉक्टरांनी आणि आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी जाहीरपणे विचारला. संशोधकांचं उत्तर असं की त्या काळी भारतात तपासणीचा कुठलाही कार्यक्रम नव्हता, आणि आपल्या परिस्थितीत कोणती पद्धत चालते हे कळल्याशिवाय तो सुरूही झाला नसता. दोन्ही बाजू मी वाचल्या आहेत. मला संशोधकांचं उत्तर खोटं वाटत नाही आणि प्रश्न विचारणाऱ्यांची अस्वस्थताही अनाठायी वाटत नाही. त्या बायकांचं देणं फेडायचं असेल तर त्यांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान त्यांच्याच जिल्ह्यात वापरलं गेलं पाहिजे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के होत्या. शंभरात दोन.

दार नसलेली भीती

धाराशिवला लागूनच बीड. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं उघड झालं आणि राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागची कारणं अनेक होती. पाळीच्या दिवसांत फडावर सोय नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात, विश्रांती नाही. पण बायकांनी सांगितलेलं एक कारण या विषयाला थेट भिडतं: पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेले, तर पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल असं सांगितलं.

म्हणजे कॅन्सर हा शब्द बीडमध्ये पोहोचला होता. भीतीही पोहोचली होती. पोहोचली नव्हती ती मिनिटभराची तपासणी, जिने सांगितलं असतं की बाई, हा साधा जंतुसंसर्ग आहे, चार दिवसांच्या गोळ्यांनी बरा होईल. जागृतीचा एक वाईट प्रकारही असतो, आणि तो हाच. माहिती सांगितली, घाबरवलं, आणि जवळपास तपासायची जागाच नाही. मग जो कुणी दार उघडून बसला असेल त्याच्याकडे बाई जाते आणि कर्ज काढून जाते. बार्शीत नोंदणीवाल्यांनी लक्षणं सांगितली तेव्हा पुढचं वाक्य असायचं की अमुक दिवशी इथेच तपासणी आहे, आणि पुढे लागलंच तर बार्शीला. त्या वाक्यामुळे भीतीला वाट मिळाली.

आजच्या तालुक्यात माणसं आहेत, दोरा नाही

आज परिस्थिती १९८७ सारखी नाही, हे आधी मान्य करते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिशीच्या पुढच्या माणसांची दर पाच वर्षांनी तपासणी, गर्भाशयमुखासाठी ॲसिटिक ॲसिडची पाहणी. आशाताई घरोघर प्रश्नावली भरते. उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचं क्लिनिक आहे. उपचाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. बार्शीच्या मंडळींकडे यातलं काहीच नव्हतं.

तरी काकूंची चिठ्ठी आजही डब्यात पडून राहू शकते. प्रश्नावली भरली की आशाताईचं काम पूर्ण होतं. संशयित म्हणून वर पाठवलं की आरोग्य अधिकाऱ्याचं काम पूर्ण होतं. क्लिनिकमध्ये जी आली तिला पाहिलं की क्लिनिकचं काम पूर्ण होतं. जी आलीच नाही ती कुणाच्याच वहीत नसते. प्रत्येकाचा अहवाल शंभर टक्के आणि बाई मात्र वाटेत. आशाताईंना मी दोष देणार नाही. त्यांच्याकडे इतक्या प्रकारच्या नोंदी आहेत की त्यांनी आणखी एक करावी, असं म्हणण्याचा धीर होत नाही. पण आठवड्याला एकच यादी हवी: पाठवलेल्या पण न पोहोचलेल्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या बैठकीत किती प्रश्नावल्या भरल्या हे विचारण्याआधी ती यादी वाचली जावी. बहुतेक तालुक्यांत ती दहा-वीस नावांपलीकडे जाणार नाही, आणि दहा-वीस नावांमागे माणूस पाठवता येतो.

दुसरी तुटलेली जागा म्हणजे बाजारगावचा खाजगी डॉक्टर. सरकारी कार्यक्रमाच्या आराखड्यात तो नसतोच, पण आजारी बाई सर्वांत आधी जाते त्याच्याचकडे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, महिनाभर न हटणारं दुर्गंधीचं पाणी, या तीन तक्रारींवर आतून तपासल्याशिवाय गोळ्या द्यायच्या नाहीत, एवढा एकच करार तालुक्यातल्या सगळ्या दवाखान्यांशी करता येईल. ज्यांच्याकडे आतून तपासायची सोय नाही त्यांनी ग्रामीण रुग्णालयातल्या नेमून दिलेल्या सिस्टरला फोन करायचा. चिठ्ठीवर रुग्णालयाचं नाव पुरत नाही. कुणाला भेटायचं, कोणत्या वारी, कितीला, आणि त्या माणसाचा फोन नंबर असेल तरच चिठ्ठी डब्यातून बाहेर येते. तुकड्याचा निकाल येईल तेव्हा तो बाईच्या घरी सांगायला जाणार कोण, हेही त्याच दिवशी ठरलेलं हवं.

तोंडाच्या कॅन्सरचं पुष्कळसं असंच आहे, फक्त तिथे बघणं आणखी सोपं आहे. या भागातल्या कितीतरी बायका मिश्री लावतात, पुरुषांच्या गालात तंबाखूची गोळी असते, आणि पांढरा किंवा लाल चट्टा टॉर्चच्या उजेडात दिसतो. दात काढायला आलेल्या माणसाच्या गालाची आतली बाजू बघायला किती वेळ लागतो? स्तनाच्या बाबतीत मुंबईच्या त्याच दीर्घ चाचणीत कार्यकर्त्यांनी हातांनी केलेल्या तपासणीमुळे गाठी लवकरच्या पायरीवर सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यूही कमी झाले. ही तिन्ही कामं एकाच बाईच्या एकाच फेरीत होऊ शकतात. पिशवीसाठी एक वार, तोंडासाठी दुसरा, असं केलं की तिचे दोन रोज बुडतात आणि ती एकदाच येते, किंवा येतच नाही.

पन्नाशीपुढच्या बायकांची मात्र वेगळी सोय करावी लागेल. पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो आणि ॲसिटिक ॲसिडची पाहणी नीट होत नाही. त्यांच्यासाठी एचपीव्हीची चाचणीच बरी, आणि तिचा नमुना बाई स्वतः आडोशाला जाऊन घेऊ शकते. टेबलावर झोपायचं नाही, कुणासमोर कपडे सोडायचे नाहीत. ज्या पाचातल्या पाचव्या बाईला धाराशिवची एवढी मोठी चाचणीसुद्धा आणू शकली नाही, तिच्यापर्यंत कदाचित हाच रस्ता जाईल. काकू अशा पद्धतीला नक्की तयार झाल्या असत्या.

आणि तारखा. तपासणीच्या मोहिमा बऱ्याचदा मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत लागतात, किंवा फेब्रुवारीत कॅन्सर दिनाच्या निमित्ताने. त्या वेळी भूम, परांडा, बीडच्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर म्हाताऱ्या आणि शाळकरी पोरं तेवढी उरलेली असतात. ज्यांना तपासायचं त्या तिशी-चाळिशीतल्या बायका सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातल्या फडांवर असतात. त्या गावात सापडतात पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. तेव्हा खुरपणी चालू असते, पण संध्याकाळी बाई घरी असते. निकाल ऑक्टोबर संपायच्या आत हातात पडायला हवा, आणि ज्यांना गोठवण्याचा उपचार लागेल त्यांचा तो मुकादमाची उचल घेऊन ट्रॅक्टर गावातून निघण्याआधी व्हायला हवा. म्हणजे यादीचं काम आषाढातच सुरू करावं लागेल.